यादगिरीच्या पाठीचा कापूस

"पीको आया था क्या ये?" मेस्त्रीने मला विचारलं.

"हौ," मी म्हणाले. "सुबह मुँह कू बू आ री थी."

यादगिरी खाणीच्या काठावर खडीत आडवा पडला होता. ओठ जांभळे, डोळे अर्धे मिटलेले. जीभ जड झाली होती, काहीतरी बरळत होता, मधूनच हसत होता. कापलेला रबरी सूट अंगावरून ओढून काढायला बघत होता, पण बोटं वळत नव्हती. माझा मुलगा सुधाकर शेजारी गुडघ्यांवर बसून धापा टाकत होता. त्यानंच त्याला खालून ओढत वर आणलं होतं. आणि मी — मी शालीखाली एक ओली बंडी पोटाशी दाबून उभी होते. तिच्यातून गार पाणी गळत होतं, माझ्या साडीवरून, पायांवरून.

बू नव्हती. म्हणजे — होती. ती उपाशी पोटाची होती. दारूची नव्हती.

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. देवापुढं नाही, मुलापुढं नाही. आता तुम्हाला सांगते आहे, तर नीट सांगते. पण एकदम सांगता येत नाही. आंबलेलं भांडं धुवायचं तर आधी वरचं पाणी ओतावं लागतं, तसं आहे हे.

मी हैदराबादला, अंबरपेठेत राहते. शाळा चौथीपर्यंत, पुढं शिलाई मशीन. ब्लाउज, फॉल, गणवेश, गोधड्या — येईल ते शिवलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. सुधाकर एकुलता एक. तो पाणबुड्या आहे. तळ्यात, विहिरीत, दगडाच्या खाणीत काही बुडालं — गाडी, पंप, कधी माणूस — की मेस्त्रीला फोन येतो, आणि मेस्त्री यांना व्हॅनमध्ये घालून नेतो. एकजण खाली उतरतो, दुसरा काठावर दोरी धरून बसतो. हवा वरून जाते, कॉम्प्रेसरच्या नळीनं. सुधाकर आणि यादगिरीची जोडी होती. आज हा खाली, उद्या तो. दोरीवरचा माणूस म्हणजे खालच्याचा जीव — असं दोघंही म्हणायचे, आणि तसंच वागायचे.

थंडीत मीही त्यांच्याबरोबर जायची. गरम पाण्यासाठी. लोकांना वाटतं, त्या सूटमध्ये पाणी शिरत नाही. शिरतं. थोडं पाणी आत येतं, अंगाच्या उबेनं गरम होतं, आणि ते तिथंच टिकलं की माणूस गरम राहतो. म्हणून उतरायच्या आधीच कॉलर ओढून आत गरम पाणी ओतायचं. अंगाची ऊब तेवढी वाचते. मोठे थर्मास भरायचे, व्हॅनमध्ये सांभाळायचे आणि दोघांच्या मानेत ओतायचे, हे काम माझं होतं. यादगिरी डोळे मिटून म्हणायचा, "अम्मा, जन्नत!" आणि सुधाकर म्हणायचा, "तेलुगू माणूस असून जन्नत कशाला म्हणतोस रे?" — "हैदराबाद का है मैं. तेरे जैसा पूना का थोडी है." सुधाकरनं पुणं अजून पाहिलेलं नाही. तरी हा विनोद रोज व्हायचा, रोज दोघं हसायचे.

त्या हिवाळ्यात एका जुन्या खाणीचं काम आलं. पाणी उपसायचा मोठा पंप तळाशी पडला होता, त्याला साखळी अडकवायची होती. वरचं पाणी ठीक होतं. पण पुरुषभर खाली गेलं की मध्येच एक पट्टा लागतो आणि त्याच्याखाली पाणी एकदम बदलतं — बर्फ. साखळी अडकवायचं काम बारीक आणि सावकाशीचं. फार वेळ खाली राहावं लागणार होतं. दोघांचे सूट पातळ, जुने. मेस्त्रीनं कुठून तरी एक टाकून दिलेला जाड सूट मिळवला. पायाशी फाटलेला, पण धड पुष्कळ चांगलं होतं.

सुधाकरनं तो आणून माझ्या मशीनवर टाकला. रबराचा काय घाण वास असतो तो! कुणाच्या तरी घामाचा, गाळाचा, जुन्या लघवीचा. हो, लघवीचा. थंडीत पाण्याखाली ते सूटमध्येच करतात, सगळेच करतात, मी धुतलेले आहेत ना. तीन पाण्यांनी धुतला तरी वास गेला नाही.

"आई, यातून दोन बंड्या काढ," सुधाकर म्हणाला. "सूटच्या आत घालायला. एक मला, एक यादगिरीला. अंगाला चिकटून बसल्या पाहिजेत, सुरकुती पडली तर तिथून गार पाणी फिरतं. आणि ऐक. आत कापसाचा एक धागा नको. बनियन नको, फ्लॅनेल नको, काही नको. कापूस पाणी पितो आणि धरून बसतो."

"मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही, सांगतो. तू गोधड्यांची बाई. तुला वाटेल, जाड तेवढं गरम."

सुधाकरची बंडी मी आधी बेतली. पाठीला रबर दुहेरी घेतलं, कमरेवर, मूत्रपिंडं असतात तिथंही दुहेरी. कान झाकणारी टोपी जोडली. कात्री चालली ती चालली. आई आधी आपल्या पोराच्या ताटात तूप वाढते म्हणतात — खरंच आहे. पण हे तूप माझ्या घरचं होतं का? दोघांच्या वाट्याचं होतं. मी दुसऱ्याच्या ताटातलं उचलून माझ्या पोराला वाढलं.

यादगिरीसाठी पुढचा भाग निघाला. पाठ निघाली नाही.

सुधाकरच्या पाठीचा वरचा थर उसवून यादगिरीला लावता आला असता. टीप सैल करायची, थर काढायचा, जोडायचा. चहा आणि थोडा वेळ, एवढंच लागलं असतं. मी पेटी उघडली. नवऱ्याचा फ्लॅनेलचा जुना शर्ट होता. त्याचे दोन थर घेतले, गोधडीला घालते तसे मध्ये बारीक टाके घातले, आणि बाहेरून काळं, ताणलं जाणारं कापड चढवलं. दोन्ही बंड्या शेजारी ठेवल्या तर सारख्या दिसत. माझी शिलाई चांगली आहे. खोटं लपवण्याइतकी चांगली आहे.

आता यादगिरीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तो तेव्हा अय्यप्पाच्या माळेत होता. आमच्याकडे थंडीत गल्लोगल्ली दिसतात ही माणसं — काळे कपडे, अनवाणी, गळ्यात माळ, पहाटे गार पाण्यानं आंघोळ, दिवसातून एकदा जेवण. मांस नाही, दारू नाही, बायकोजवळ जाणं नाही. व्रत पुरं झालं की शबरीमलाला जायचं. माळेतल्या माणसाला सगळे स्वामी म्हणतात, मग तो रस्ते झाडणारा असो की कुणी असो. यादगिरीचं ते अठरावं वर्ष. अठराव्या वर्षी जाणारा नारळाचं रोप घेऊन जातो आणि तिथं लावतो. परत आला की तो गुरुस्वामी होतो, दुसऱ्यांच्या गळ्यात माळ घालू शकतो. तरुणपणी यादगिरी कल्लू पिऊन नाल्याकाठी पडलेला असायचा, हे सगळ्या बस्तीनं पाहिलं होतं. माळेनंच त्याची ताडी सोडवली. रोप त्यानं आधीच आणलं होतं, घराच्या पायरीवर डब्यात लावलं होतं. मला मुद्दाम बोलावून दाखवलं.

बंडी घालून बघायला तो आमच्या घरी आला, तर आरशापुढून हलेना. "अम्मा, ये तो चमडी पे चमडी चढा दिये तुम! सुधाकर से मेरी जास्ती मोटी है, देखो."

"मोटी अकल की मोटी बंडी," सुधाकर म्हणाला.

"जलता है स्वामी से. जलो, जलो."

तो वाकून माझ्या पाया पडायला लागला. माळेतला माणूस कुणाच्या पाया पडत नाही, लोक त्याच्या पाया पडतात. मी मागं सरकले. त्याला वाटलं, मी संकोचले.

खाणीवर त्या सकाळी यादगिरीची पाळी होती. मी त्याच्या कॉलरमध्ये पाणी ओतलं. माळ हातानं बाजूला धरली, तेव्हा त्याचा श्वास माझ्या तोंडावर आला. कोरडा, आंबट. आदल्या दुपारपासून पोटात काही नव्हतं त्याच्या. "जन्नत," तो म्हणाला आणि उतरला.

सुधाकर दोरीवर बसला. ठरलेल्या वेळाला तो दोरी एकदा ओढायचा, खालून एक ओढ यायची — म्हणजे ठीक. येत होती. मग उशिरा यायला लागली. मग सुधाकरनं एकदा ओढली आणि खालून तीनचारदा काहीतरी अर्धवट झटके आले, ज्याला काही अर्थ नव्हता. सुधाकर उभा राहिला. पुन्हा ओढली. काही नाही.

"गेलो मी खाली," तो म्हणाला. मेस्त्री ओरडत होता, थांब, थांब. सुधाकरनं पाठीला हवेची राखीव टाकी अडकवली आणि उडी मारली. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. यादगिरी खाली होता तोवर वाटली नव्हती — लक्षात घ्या. माझा उतरला, तेव्हा वाटली.

वर आले ते एकमेकांत गुंतून आले. यादगिरीनं साखळी मनगटाला गुंडाळली होती आणि ती सोडवायची त्याला सुधरत नव्हती. थंडी हाडात गेली की आधी बोटं जातात, मग डोकं जातं. मग माणूस हसतो, बरळतो, कपडे काढायला लागतो. अगदी प्यालेल्यासारखा दिसतो. काठावर ओढून घेतल्यावर मेस्त्री म्हणाला, "सूट काटो." कात्री माझ्या कमरेला होती. मी सूट बाजूच्या शिवणीवरून कापला, मग बंडी कापली. माळेला कात्री लागू दिली नाही, एवढं मात्र जपलं. आणि पाठीचा भाग सोडवला, तर त्यातून पाणी भळाभळा आलं. इतकं पाणी! फ्लॅनेल प्यालेलं होतं सगळं. त्याच्या पाठीला ती बर्फाची लादी बांधून मी त्याला खाली पाठवलं होतं.

मी बंडी शालीखाली घेतली. विचार करून घेतली का? हात आपोआप गेला म्हणू का? नाही. आधी मी सुधाकरकडे पाहिलं. तो बघत नाही, याची खात्री केली. मग घेतली.

आणि मग मेस्त्रीनं तो प्रश्न विचारला.

त्यानं वाकून यादगिरीचं तोंड हुंगलंही. त्याला काय वास येणार? रबर आणि गाळ. पण मी म्हटलं होतं ना. अम्मा म्हणते म्हणजे असणार. सकाळी त्याच्या तोंडाजवळ मीच होते. मेस्त्री सरळ उभा राहिला आणि थुंकला. "माला डालके," तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

जवळच्या दवाखान्यात नेलं. ब्लँकेटं, गरम सलाइन. डॉक्टर म्हणाला, थंडी बाधली. मेस्त्री म्हणाला, पीको उतरा तो बाधेगीच. ते त्याचं बरोबरच होतं — दारूनं थंडी लवकर चढते. माझं खोटं असं सगळीकडून बरोबर बसलं, त्या बंडीसारखं. सुरकुती नाही.

आता ते सांगते, जे सांगायला मी इतका वेळ लावला.

इतकी वर्षं मी मनात असं धरून होते की पहिली चूक होती आणि दुसरं पाप. बंडीत चूक झाली — गोधड्या शिवणारी अडाणी बाई, तिला वाटलं कापूस उबदार — आणि मग भीतीनं एक खोटं बोलले. असं म्हटलं की जरा बरं वाटतं. पण तसं नाही. चूक नव्हती. सुधाकर सांगून गेला, त्याच दुपारी मी रबराचा तुकडा आणि फ्लॅनेलचा तुकडा न्हाणीघरात बादलीत बुडवून बघितले होते. रबर झटकलं, कोरडं झालं. फ्लॅनेल जड झालं, आणि हातात धरलं तर बोटं बधिरली. कितीतरी वेळ धरून उभी होते. मला कळलं होतं. नीट कळलं होतं. तुकडे दोरीवर वाळत टाकले आणि मशीनवर जाऊन बसले आणि त्याची पाठ फ्लॅनेलची केली.

तो मरेल असं वाटलं होतं का? नाही. त्याला थोडी थंडी वाजेल, वाजू दे — असं वाटलं होतं. वाजू दे. या दोन शब्दांची मला किळस येते. रबराच्या त्या वासापेक्षा जास्त येते.

मी त्याचा द्वेष करत नव्हते. जात, भाषा, काही मनात नव्हतं. तो सख्खा भाचा असता तरी हेच केलं असतं. तो माझ्या पोटचा नव्हता, बस. आणि याला लोक आईचं काळीज म्हणतात. कुत्रीही करते हे. पण कुत्री नंतर दुसऱ्याच्या तोंडाला दारूचा वास लावत नाही.

दोन दिवसांनी त्याची बायको मंगम्मा आली. दारातच उभी राहिली, आत येईना. "अम्मा, सब बोलरे. तुम झूट नै बोलते. तुम बोलो — पिया था?" तिचा चेहरा असा होता, की 'नाही' एवढा शब्द ऐकायला ती चालत आली होती. मी त्या चेहऱ्याकडे सरळ बघितलं. "बू आई थी, मंगम्मा," मी म्हणाले. "अब मैं क्या बोलूँ." ते शेवटचं कशाला जोडलं? कुणी मागितलं होतं? मी स्वतःला दुःखी दाखवलं. तिच्यासमोर.

त्याच्या गुरुस्वामीनं मंदिरात सगळ्यांच्या देखत त्याच्या गळ्यातली माळ उतरवली. व्रताच्या मध्यात. त्या वर्षी तो गेला नाही, त्यानंतर कधीच गेला नाही. नारळाच्या रोपाचं काय झालं, मी विचारलं नाही. मेस्त्रीनं त्याला काढून टाकलं. सुधाकरनं मला एकदाच विचारलं, "आई, नक्की वास होता? तो माळेत पिणार नाही गं." मी म्हटलं, "होता." त्यानं मान हलवली. माझा मुलगा माझ्यावर विश्वास ठेवतो. मित्राला सोडून माझ्यावर ठेवतो.

बंडीचं त्यानं विचारलं, तर मी म्हणाले कापलेली होती, टाकून दिली. तेही खोटं. तेव्हा टाकली नव्हती. घरी आणली होती, आणि न्हाणीघरात ती आंबायला लागली, तेव्हा पिशवीत घालून मूसी नदीवर नेली आणि पुलावरून टाकली. वाटलं, बुडेल. रबर बुडतं का? छातीचा भाग वर, पाठ खाली, ती त्या फेसाळ घाणीवर तरंगत राहिली, पुलाच्या खांबाला लागून. मी तिथं उभी राहून ती पुढं जायची वाट बघत होते. लोक नाकाला रुमाल लावून जात होते. मी नाक झाकलं नाही. तो वास मला परका वाटला नाही.

यादगिरी आता नामपल्लीला प्रदर्शनाच्या मैदानावर स्टॉल उभारायचं, मोडायचं काम करतो. बाकी वर्षभर जे मिळेल ते. पाण्यात उतरत नाही. पीत नाही. तेव्हाही पीत नव्हता, आताही नाही. गेल्या हिवाळ्यात बाजारात भेटला. माझ्या हातातली पिशवी घेऊन घरापर्यंत आला. वाटेत म्हणाला, "अम्मा, एक बात पूछूँ? मेरेकू उस दिन का कुछ याद नै. सुबह का बी नै. मैं तो बोलता था नै पिया, नै पिया. फिर सोचा — तुम कायकू झूट बोलते? तुमारा मेरा क्या दुश्मनी? पिया हुँगा मैं. पुरानी आदत थी ना. पिया हुँगा."

मी काय केलं असेल तेव्हा? तुम्हाला काय वाटतं? बोलायची जागा होती. रस्त्यात फार माणसं नव्हती. मी म्हणाले, "जाने दे बेटा, पुरानी बात." माफ केल्यासारखं म्हणाले. आणि त्यानं — हे सांगताना तोंड घाण वाटतं — त्यानं डोळे पुसले आणि "तुमारा दिल बडा है अम्मा" म्हणाला. घरी येऊन मी भात लावला. भूकही लागली होती, जेवले.

आता त्याची मुलगी माझ्याकडे शिलाई शिकायला येते. त्यानंच पाठवली. अम्माचा हात साफ आहे म्हणून. मुलगी हुशार आहे, टीप सरळ घालते. मी तिला अस्तर लावायला शिकवते.

हे मी सुधाकरला सांगणार नाही. यादगिरीलाही नाही. सांगायला हवं, हे कळतं. कळून न करणं मला जुनं आहे.

त्या खाणीत दोन माणसं उतरली होती, यादगिरी आणि सुधाकर. दोघंही जिवंत वर आले, आजही जिवंत आहेत. मीही आहे.